डिंभ्यापाशी अडकणारी गाडी

शनिवारी सकाळपासून हौशीरामाला एका जागी बसवेना. चहा निम्माच प्याला, ओट्यावर गेला, तिथून शिनोलीच्या फाट्यापर्यंत चालत गेला. घोडेगावकडून आलेली एस.टी. बघितली, ती वेळेवर आली म्हणून मनातल्या मनात चिडला आणि परत घरी आला. निवृत्त ड्रायव्हरला दुसऱ्यानं वेळेवर आणलेली गाडी बघवत नाही. घरी येऊन त्यानं चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या.

कारण एवढंच होतं की वली चालला होता. चार दिवस कुठं पाव्हणा म्हणून नाही, कायमचा. सोमवारी त्याचा मुलगा दानियाल लातूरहून गाडी घेऊन येणार होता आणि वलीला नि त्याची बायको सायराबानू हिला घेऊन जाणार होता. वलीच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता, घोडेगावच्या घरात दोघंच म्हातारी, मुलाचं काही चुकत नव्हतं. पण मुलाचं चुकत नसलं म्हणून हौशीरामाला ते पटत होतं असं नाही. मंगल, त्याची बायको, गेल्यापासून आठवड्यात एकच दिवस त्याला दिवसासारखा वाटायचा. तो रविवार. वली यायचा तो.

वली म्हणजे त्याचा कंडक्टर. नोकरीतली निम्मी वर्षं दोघांनी तळेघरच्या मुक्कामी गाडीवर काढली. संध्याकाळी घोडेगाव सोडायचं, शिनोली, डिंभे करत घाट चढायचा, तळेघरला पाठ टेकायची आणि उजाडता माणसं, तांदळाची ओझी, पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन खाली यायचं. ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी डेपोतला साहेब जुळवतो. लग्नं जुळवणाऱ्यांनाही एवढं यश येत नाही. सायराबानूच्या डब्यात हौशीरामाचा वाटा असायचा आणि तिनं तो कधी बोलून दाखवला नाही.

आता गाडी नव्हती, पण कॉम्प्युटर होता. तो खरं तर सुनेचा, वैजयंतीचा. ती घरबसल्या पुण्याच्या एका कंपनीसाठी जमिनीचे नकाशे काढायची, गट नंबर, बांध, हद्दी. एकाच डब्यात तिनं दोन संसार मांडले होते. बटण दाबलं की पडद्यावर दोन ओळी यायच्या: लिनक्स नि विंडोज. पहिली तिची, कामाची. दुसरी मामांची, म्हणजे सासऱ्यांची, खेळाची. एका वेळी एकच बाजू जागी व्हायची, दुसरी झोपलेली. मुलाच्या, सुनीलच्या, चाकणच्या कारखान्यातल्या पाळ्या सांभाळता सांभाळता सुनेनं सासऱ्याची करमणूकही सांभाळली होती, आणि गावात हे कुणाला सांगितलं तर लोक आधी हसायचे, मग म्हणायचे, आमच्या म्हाताऱ्यालाबी दाखवा की एकदा.

खेळ बस चालवण्याचा. टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, खाली क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. परदेशी रस्त्यांवर हौशीरामाचं मन रमेना. सगळे आपापल्या पट्टीत शिस्तीत चालतात, याला काय रस्ता म्हणायचं? मग वलीचा पुतण्या हमदान, जुन्नरला ज्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यानं मोटारसायकलवर फिरून फोटो काढले आणि घोडेगाव ते तळेघर हा रस्ता त्या खेळात बसवून दिला. शिनोलीचा फाटा होता, मधल्या म्हशी होत्या, डिंभ्याचं धरणही होतं.

घोडं अडायचं ते तिथंच. गाडी डिंभ्यापाशी पोचली, धरणाचं लकाकतं पाणी पडद्यावर आलं, की चित्र गपकन थिजायचं. इंजिनाचा आवाज एकाच जागी घरघरत राहायचा, आणि मग सगळंच बंद. दर रविवारी हेच. वली पडद्याला नाक लावून शेजारी बसलेला असायचा. "लांबचं धुरकट दिसतं, जवळचं झ्याक दिसतं," असं तो म्हणायचा. गाडी अडकली की तो म्हणायचा, "आलं डिंभं! काय धरण काढलंय पोरानं, वा!" मग दोघं खुर्च्या मागं सारून बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत बोलत राहायचे. कुठल्या साहेबानं कुणाला मेमो दिला, घाटात म्हैस आडवी आली तेव्हा कोण आधी खाली उतरलं, मंगलनं वलीला एकदा कसं झापलं होतं. तळेघर त्यांनी पडद्यावर कधी बघितलंच नव्हतं.

गेल्या रविवारी उठताना वली म्हणाला होता, "हौशीराम, एकदा तळेघरला पोचव राव. मग जातो लातूरला."

तेव्हापासून हौशीरामाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. वलीला शेवटचं काही बोलावं, हे त्याला जमण्यातलं नव्हतं. पण गाडी पोचवणं जमण्यातलं होतं. आयुष्यभर तेच केलं होतं.

त्यानं हमदानला फोन केला. हमदान म्हणाला, "चाचा, तुमची खेळाची बाजू लई जुनी झालीय. सिस्टीमचा मोठा अपडेट आलाय, तो टाका. खेळ लोण्यासारखा चालंल."

वैजयंतीचं मत निराळं. "मामा, अपडेटनं खेळ सुधरतोच असं काय नाय. कुणाचा पळतो, कुणाचा आधी होता तोबी लंगडतो. आणि एका बाजूला हात लावला की कधीकधी दुसऱ्या बाजूची वाट बुजती. माझं काम सोमवारी जायचंय. ते गेलं की मी सोता करून देते."

"सोमवारी वली जाणार."

"मला ठावं हाय की," ती हळू म्हणाली. "पण मीबी काय करू?"

खरं सांगायचं तर हौशीरामाचाही अपडेटवर विश्वास नव्हता. वर्कशॉपमधून आलेली गाडी आठ दिवस भरवशाची नसते, हे त्याचं जुनं मत. ब्रेक नीट करायला पाठवावी तर ब्रेक नीट होतो आणि दरवाजा लागेनासा होतो. चालत्या गाडीला हात लावू नये. पण ही गाडी चालत तरी कुठं होती? डिंभ्यापुढं तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

आठवडाभर हे असं तळ्यात-मळ्यात चाललं, आणि शनिवारी दुपारी वैजयंती भातकापणीला हात लावायला माहेरी, डिंभ्याला गेली. घर मोकळं झालं. हौशीराम दोनदा कॉम्प्युटरसमोर बसला, दोनदा उठला. तिसऱ्यांदा बसला आणि हमदानला फोन लावला.

हमदाननं इथं दाबा, तिथं दाबा करत अपडेट सुरू करून दिला. "आता बारकं गोल चाक फिरत ऱ्हाईल. फिरू द्या. मधीच बंद होऊन परत चालू होईल. तुमी फक्त हात लावू नका. चहा प्या, शेतात जाऊन या."

हौशीराम कुठं जाणार? तो चाकासमोर बसून राहिला. चाक फिरत होतं, आकडा सरकत नव्हता. पाय आपोआप क्लच दाबत होता. बाहेर कुणी हाक मारली तर "घरात कुणी नाय" असं त्यानं स्वतःच ओरडून सांगितलं.

आणि मग पडदा काळा झाला. डब्यातल्या पंख्याची घरघर थांबली. अगदी शांत.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. हौशीरामाला डेपोनं डिझेल बचतीचं बक्षीस दिलं होतं, एकदा नाही, अनेकदा. स्टँडवर गाडी उभी आणि इंजिन चालू, हे त्याच्या लेखी पाप. गाडी थांबली की हात किल्लीवर जायचा, डोक्याला विचारायचा नाही. त्या दुपारीही विचारलं नाही. गाडी थांबली, हात गेला, भिंतीवरचं मेन बटण खट्कन खाली आलं. तो आवाज ऐकल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं.

त्यानं घाईघाईनं बटण वर केलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, पांढरी इंग्रजी अक्षरं वरून खाली आली आणि तिथंच बसली. खेळाची ओळ नाही, कामाची नाही. परत बंद, परत चालू. तेच.

खेळ गेला तर गेला, पण सुनेचे नकाशे? कुणाकुणाच्या जमिनींच्या हद्दी तिनं डोळे फोडून काढल्या होत्या, आणि हा सासरा एका बटणासरशी सगळं सपाट करून बसला होता. तो परसात गेला, गोठ्यात गेला, गाय नव्हती तरी गव्हाण साफ करू लागला. हमदानचा फोन वाजत होता, तो उचलायचा धीर होईना.

वैजयंती दिवस मावळायच्या आत परत आली, केसांत भाताचं तूस घेऊन. दारातच हौशीरामानं तिच्या हातात चहाचा कप दिला. ती कपाकडं बघत राहिली. या घरात सासऱ्यानं चहा केला म्हणजे काहीतरी फुटलेलं असतं.

"काय झालं मामा?"

त्यानं सांगितलं. ती आत गेली, पडद्यावरची अक्षरं वाचली आणि खुर्चीत बसली.

"मेन बंद केलं?"

"गाडी उभी व्हती."

"उभी नव्हती. आतल्या आत काम चाललं व्हतं तिचं."

"आवाज येत नव्हता, पोरी."

"म्हणून बंद करायचं?" तिचा आवाज चढला. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यावर पहिल्यांदा चढला. "माझ्या कामाचं काय? सोमवारी मी कुणाला काय तोंड दाखवू? थांबा म्हणलं व्हतं ना मी? दोन दिवस दम धरवला नाय तुमाला?"

हौशीराम दाराला टेकून उभा होता. उत्तर होतं, पण ते एवढंच होतं की वली चाललाय, आणि ते तिला माहीत होतं. वैजयंतीनं चहा पिऊन टाकला, गार झालेला, एका घोटात.

"सकाळी बघते," ती म्हणाली. "आता डोकं चालत नाय माझं."

रविवारी सकाळी तिनं पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर तिसऱ्याच वाटेनं उठवला. हौशीराम मागं उभा. तिनं बोट दाखवलं, नकाशे होते. सगळे, जागच्या जागी. त्यांच्याकडं जायचा रस्ता तेवढा बुजला होता. हौशीरामानं नाक ओढलं आणि खिडकीकडं तोंड केलं.

मग ती रस्ता मोकळा करत बसली. दोन ओळींची यादी परत आली. खेळाच्या बाजूचा अर्धा राहिलेला अपडेट तिनं पुन्हा चालू केला आणि या वेळी स्वतः मेन बटणापुढं स्टूल टाकून बसली, तांदूळ निवडत. सासरा जवळ आला की नुसती वर बघायची. तो मागं जायचा.

दुपारी पडद्यावर गाडी घोडेगावहून सुटली. शिनोली गेली. डिंभे आलं, धरण आलं आणि मागंही गेलं. हौशीरामानं स्टिअरिंग सोडून टाळी वाजवली आणि गाडी गटारात गेली.

"बघ! अपडेटनं सुधारलं का नाय?"

"ठावं नाय," वैजयंती म्हणाली. "मी पाण्याची लकाकीबी कमी केलीय. दोन्ही एकदमच केलं, कशानं सुधारलं ते मला इचारू नका." मग उठता उठता म्हणाली, "वलीचाचा जाईस्तवर कॉम्प्युटर तुमचा. माझं मी मागनं बसून करीन."

वली नेहमीच्या गाडीनं आला. कंडक्टरनं त्याला हात धरून उतरवलं. जुन्या माणसाला मान देतात तसं, असं हौशीरामाला वाटलं. त्याचं लक्ष कुठं होतं? त्याला घाई झाली होती. घरी येताच त्यानं वलीला पडद्यासमोर बसवलं, अगदी जवळ.

"आज बघच तू," तो म्हणाला.

वलीनं टेबलावर बोटानं दोनदा टकटक केलं. डबल बेल. गाडी निघाली.

हौशीराम चालवताना बोलत नसे. नोकरीत नसे, खेळातही नसे. तोंड मिटून, नजर रस्त्यावर. शिनोली गेली. म्हशी गेल्या. धरण आलं आणि पाणी कडेकडेनं सरकत मागं गेलं. त्याला वलीकडं वळून बघायचं होतं, पण वळण होतं. पुढं रस्ता चढू लागला. त्यानं गिअर खाली घेतला, इंजिन गुरगुरलं.

"अरे, दुसऱ्यात का घातली?" वलीनं विचारलं.

"घाट लागला."

"घाट कुठला? डिंभं यायचंय अजून."

हौशीराम हसला. "डिंभं मागं ऱ्हायलं, वली! धरण, बांध, समदं. बघितलं नाय का कशी सरळ काढली?"

वलीची बोटं टेबलावर तशीच होती. तो म्हणाला, "मला वाटलं, गाडी थांबली की कळंल."

हौशीरामाचा पाय ब्रेकवर गेला. घाटात, वळणावर, जिथं कधी थांबू नये तिथं गाडी थांबली. त्यानं पहिल्यांदा वलीच्या तोंडाकडं नीट बघितलं. तोंड पडद्याकडं नव्हतंच. पडदा आणि भिंत यांच्या मधल्या कुठल्यातरी जागेकडं ते वळलेलं होतं, आणि डोळे हलत नव्हते.

"किती दिसतं तुला?"

"उजेड दिसतो."

"पडद्यावरचं?"

"नाय."

"कवापासनं?"

"लई दिवस झाले. सायराबानूला ठावं हाय. आता तुला."

"मग धरण लई चांगलं काढलंय म्हणायचास ते?"

"आवाज अडकायचा ना. तेव्हा डिंभं आलं म्हणून कळायचं."

हौशीरामाला एकदम सगळ्या आठवड्याचा राग आला. अपडेटचा, हमदानचा, स्वतःच्या हाताचा, आणि वलीचा सगळ्यात जास्त. "अरे, मग दर रविवारी इथं काय बघायला येत व्हतास तू?"

"बघायला कोण येतंय?" वली म्हणाला. "गाडी अडकली की तू बोलायचास, हौशीराम. एरवी चालवताना तोंड उघडतोस का कधी?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वैजयंती ऐकत असावी. हौशीराम स्टिअरिंग धरून बसला होता. सून दुखावली, तिचं काम धोक्यात घातलं, दोन दिवस जिवाची घालमेल करून घेतली. आणि कशासाठी? वली जिथं थांबायला यायचा, ती जागा पुसून टाकण्यासाठी. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. लपवायचं कुणापासून? तो तसाच रडला, थोडा वेळ, आवाज न करता. मग वलीचा हात चाचपडत आला, त्याच्या दंडावर बसला, आणि त्यानं दोनदा थोपटलं.

"चल. पॅसेंजर खोळंबलेत."

हौशीरामानं नाक पुसलं, पहिला गिअर टाकला. आणि तो बोलू लागला.

"आता डाव्या हाताला दरी हाय," तो म्हणाला. "धरणाचं पाणी खाली दिसतंय, निळं. पोरानं जरा जास्तच निळं केलंय. पुढं वळण. ह्या वळणावर तुझी पिशवी उघडली व्हती, सुट्टे पैशे समद्या गाडीत. एक बाई दोन्ही पायांखाली दाबून बसली व्हती, आठवतं?"

"भागूची सासू," वली म्हणाला. "उठायलाच तयार नव्हती."

"आता भाताची खाचरं लागली. पिकलंय. कापणीला आलंय. एक माणूस हात करतोय."

"घे त्याला."

"खेळातला हाय रे."

"असू दे. घे."

हौशीरामानं गाडी थांबवली, दरवाजा उघडला, मिटला. वलीनं टकटक केलं. गाडी निघाली. रस्ता वर चढत राहिला आणि हौशीराम बोलत राहिला, जन्मात बोलला नव्हता एवढा. रस्ता संपत आला तशी जुनी माणसं काढली, मंगलची गोष्ट काढली, आणि गाडी आणखी हळू केली, आणखी हळू, मागच्या गाड्या हॉर्न देत पुढं निघून गेल्या.

"हौशीराम," वली म्हणाला, "तळेघर किती ऱ्हायलं?"

शेवटचं वळण संपलं होतं. पिवळी पाटी समोरच होती, हमदाननं मोठ्या अक्षरांत रंगवलेली, आणि तिच्यामागं स्टँडचं पत्र्याचं छप्पर. हौशीरामानं ती पाटी नीट वाचली.

"लांब हाय अजून," तो म्हणाला.

"मग सावकाश घे," वली म्हणाला आणि खुर्चीत मागं टेकून बसला.